मॅलार्डचं जुन्या धाटणीचं पोस्टर: खऱ्या इंजिनाचा १ इंच, कागदावर १ मिलिमीटर

वाफेच्या इंजिनाचं ‘व्हिंटेज’ चित्र करायला घेतलं की बहुतेकांचा हात आधी चहाच्या पाण्याकडे जातो. कागद पिवळा करायचा, कडा जाळायच्या, वर दोन-चार डाग पाडायचे. १९३० च्या दशकातली रेल्वेची पोस्टरं छापून आली तेव्हा कोरी करकरीत होती. त्यांचं जुनेपण येतं ते मोजक्या, सपाट रंगांतून आणि बिनचूक आकारातून. शिलाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा पत्रा लागायचा, म्हणून चित्रकार रंग जपून वापरत. हाताने रंगवतानाही तेच बंधन पाळलं की ती धाटणी आपोआप येते.

इथे विषय घेतलाय मॅलार्ड. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचं, म्हणजे एलएनईआरचं, ए४ वर्गातलं ४४६८ क्रमांकाचं इंजिन. नायजेल ग्रेस्लींनी आखलेलं, डॉनकास्टरच्या कारखान्यात बांधलेलं, मार्च १९३८ मध्ये रुळावर आलेलं. त्याच वर्षी ३ जुलैला, रविवारी, ग्रँथमच्या दक्षिणेला स्टोक बँकच्या उतारावर त्याने ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटर वेग गाठला. जर्मनीच्या ०५ ००२ इंजिनाने १९३६ मध्ये नोंदवलेला २००.४ किलोमीटरचा विक्रम त्याने थोडक्यात मोडला. वाफेच्या इंजिनांत तो आकडा अजून तसाच आहे.

आधी साल ठरवा, मग फोटो जमवा

या चित्रात सगळ्यात जास्त चुका पेन्सिल उचलण्याआधीच होतात. मॅलार्डचे फोटो ढिगाने मिळतात, पण ते वेगवेगळ्या काळातले असतात, आणि दोन काळ एकाच चित्रात मिसळले की जाणकार लगेच बोट ठेवतो.

चाकं वरपर्यंत उघडी दिसत असतील तर तो फोटो दुसऱ्या महायुद्धातला किंवा त्यानंतरचा. युद्धकाळात देखभाल सोपी व्हावी म्हणून चाकांवरचे झाकणपत्रे काढून टाकले होते. १९३८ च्या चित्रात हे पत्रे हवेतच. मोठ्या चाकांचा वरचा भाग त्यांच्याआड जातो. इंजिन हिरवं असेल आणि केबिनवर ६००२२ असेल तर ते ब्रिटिश रेल्वेच्या काळातलं. बॉयलरच्या बाजूला विक्रमाची पट्टी असेल तर ती १९४८ मध्ये बसवलेली आहे. यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये इंजिन आज १९३८ च्या निळ्या रूपात उभं आहे, पण ती पट्टी त्याच्या अंगावर आहे. म्हणजे संग्रहालयातला रंगीत फोटो समोर ठेवून जसाच्या तसा उतरवला, तर १९३८ च्या चित्रात विक्रमाची पट्टी दहा वर्षं आधीच लागते. पट्टी गाळा.

धुराडंही बघून घ्या. मॅलार्डला पहिल्यापासून दुहेरी धुराडं होतं, किलचॅप पद्धतीचं. बाजूने बघताना ते पुढून मागे लांबट दिसतं. त्या वेळच्या बऱ्याच ए४ इंजिनांना एकेरी, आखूड धुराडं होतं. तेव्हा ‘ए४’ म्हणून मिळालेला कुठलाही आराखडा डोळे मिटून गिरवू नका.

कागद आणि माप

ब्रिटिश रेल्वेच्या पोस्टरांची दोन मापं रूढ होती: उभं डबल रॉयल, २५ बाय ४० इंच, आणि आडवं क्वाड रॉयल, ५० बाय ४० इंच. आपण क्वाड रॉयलच्या बरोबर निम्मं घेऊ, २५ बाय २० इंच, म्हणजे ६३५ बाय ५०८ मिमी. इंपीरियल कागद ३० बाय २२ इंचांचा असतो. त्यात हे चित्र बसून वर-खाली एकेक इंच आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच उरतात, ते टेपला पुरतात.

कागद ३०० जीएसएमचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा. खरखरीत जलरंगाच्या कागदावर रूलिंग पेनची (रेघा मारायच्या दोन पात्यांच्या पेनची) रेघ फाटते. ३०० जीएसएमचा कागदही एवढ्या मोठ्या आकाशाच्या ओल्या थराने फुगतो, म्हणून ताणून घ्या. टबात पाच-सात मिनिटं भिजवायचा, उभा धरून पाणी निथळू द्यायचं, १२ मिमीच्या प्लायवर आडवा टाकून चारही कडांना २ इंची गमटेप लावायची. फळी आडवीच ठेवून वाळवा. उभी ठेवली तर पाणी खाली उतरतं, वरचा भाग आधी आक्रसतो आणि टेप तिथून उचकटते. पंखाही थेट सोडू नका, कारण तेच. पावसाळ्यात पूर्ण दिवस, कधी दीड दिवस लागतो. कागदाला गालाची बाजू लावून गार लागला तर अजून ओल आहे.

आराखडा

खऱ्या इंजिनाचा १ इंच म्हणजे कागदावर १ मिलिमीटर. हे प्रमाण या मापाला इतकं चपखल बसतं की हिशेब करावाच लागत नाही: ब्रिटिश आराखड्यातले इंच तसेच मिलिमीटर म्हणून घ्यायचे.

मोठी चाकं ६ फूट ८ इंच, म्हणजे ८० मिमी व्यासाची. पुढच्या बोगीची (म्हणजे इंजिनाच्या नाकाखालच्या गाड्याची) छोटी चाकं ३८ मिमी, केबिनखालचं मागचं चाक ४४ मिमी, टेंडरची (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची) चाकं ५० मिमी. चाकांच्या मध्यबिंदूंमधली अंतरं पुढून मागे अशी: ७५, ६६, ८७, ८७, ११४. बेरीज ४२९ मिमी. आधी रुळाची रेघ मारा, त्यावर हे सहा बिंदू टाका, आणि मगच कंपास हातात घ्या.

आता तीन मोठ्या चाकांमधली फट मोजा. ८७ मधून ८० गेले, उरले ७ मिमी. हे ७ मिमी म्हणजे या इंजिनाची ओळख. चाकं जवळजवळ एकमेकांना टेकलेली दिसतात. अंदाजाने काढताना हात नकळत चाकं लहान करतो आणि फट पंधरा-वीस मिमीची होते. मग इंजिन मालगाडीचं वाटायला लागतं, आणि चित्रात नेमकं काय बिघडलंय ते सापडत नाही.

पुढच्या चाकापासून बफरपर्यंतचं आणि मागच्या चाकापासून केबिनच्या टोकापर्यंतचं अंतर बाजूने काढलेल्या फोटोवरून, चाकाच्या व्यासाशी ताडून घ्या. इंजिन साधारण ५४० मिमी लांब येईल. बफरच्या पुढे ६० मिमी मोकळे सोडा आणि मागे टेंडरची ३५ मिमीची चिंधी दिसू द्या; बाकीची गाडी कडेबाहेर. पुढे जागा कमी पडली तर इंजिन चौकटीला धडकेल असं वाटतं. टेंडर थोडा दिसलाच नाही, तर ते शेडमध्ये उभं आहे असं वाटतं. उंची सुमारे १३ फूट, म्हणजे १५६ मिमी.

उभी मांडणी अशी: तळाला ९५ मिमीचा अक्षरांचा पट्टा, त्यावर ४५ मिमी गवत आणि खडी, तिथे रुळाचा माथा. क्षितिज रुळापासून ४० मिमी वर, म्हणजे मोठ्या चाकाच्या आसाच्या उंचीला. क्षितिज एवढं खाली ठेवलं की जवळजवळ सगळं इंजिन आकाशावर उभं राहतं. बॉयलरच्या मागे शेतं आणि झाडं आली की त्याची कड हरवते, आणि या इंजिनाचं सगळं सौंदर्य त्या कडेत आहे. पाचरीसारखं नाक, वरून खाली वाहत येणारी पाठ, चाकांवरच्या पत्र्याचा विमानाच्या पंखासारखा बाक. या तीन वक्ररेषा ट्रेसिंग पेपरवर वेगळ्या काढा. खांद्यातून हात फिरवून एका दमात रेघ ओढा. मनगटाने तुकड्या-तुकड्यात ओढलेली रेघ मोठ्या सपाट रंगात गाठाळ दिसते. फ्रेंच कर्व्ह असेल तर शेवटच्या रेघेला वापरा, शोधताना नको.

स्टोक बँकचा उतार दाखवायचा मोह होतो. साधारण २०० ला १ या चढणीने ६३५ मिमी रुंदीत रूळ जेमतेम ३ मिमी खाली येतो. एवढं तिरकं काढलं तर फ्रेमच वाकडी लावली असं वाटतं. रूळ सपाट ठेवा.

दांडे आणि क्रँक

चाकांवरचे दांडे चुकले तर चित्र खेळण्यातलं दिसतं. नियम दोनच आहेत. तीनही मोठ्या चाकांवरचे क्रँकपिन (दांडा ज्यावर बसतो त्या खुंट्या) एकाच कोनात असतात. एक वर आणि दुसरा खाली असं कधीच होत नाही, कारण कपलिंग रॉडने ती एकमेकांना जखडलेली असतात. म्हणून कपलिंग रॉड कायम रुळाला समांतर. दुसरं, पिन आसापासून किती लांब असते तेही ठरलेलं आहे. या इंजिनात दट्ट्याचा फेरा २६ इंचांचा, म्हणून क्रँकची त्रिज्या १३ इंच, आपल्या कागदावर १३ मिमी. प्रत्येक मोठ्या चाकात १३ मिमी त्रिज्येचं हलकं वर्तुळ काढा, त्यावर तिन्हीकडे घड्याळातल्या चारच्या जागी खूण करा आणि खुणा जोडा. झाला कपलिंग रॉड. सिलिंडरकडून येणारा कनेक्टिंग रॉड मधल्या मोठ्या चाकाच्या पिनेवर येतो, पहिल्याच्या नाही.

पिन अगदी वर किंवा अगदी खाली ठेवू नका. वर ठेवली की दांडा पत्र्याआड जातो. खाली ठेवली की इंजिन बसल्यासारखं दिसतं.

तिसरा सिलिंडर आत, चौकटीच्या मधोमध असतो. तो बाहेरून दिसत नाही. त्या धावेत तापला तो त्याच मधल्या क्रँकचा बेअरिंग. जास्त तापलं तर ड्रायव्हरला कळावं म्हणून तिथे बडीशेपेसारखा वास सोडणारी कुपी बसवलेली असे. विक्रमानंतर मॅलार्डला पीटरबरोला थांबवावं लागलं आणि पुढची गाडी दुसऱ्या इंजिनाने लंडनला नेली. चित्रात यातलं काही दाखवता येत नाही, पण बाहेरच्या दांड्यांतून धूर काढणारेही लोक आहेत, म्हणून सांगितलं.

ऊन कुठून येतं

धाव उत्तरेकडून दक्षिणेकडे, दुपार उतरणीला लागल्यावर झाली. आपलं इंजिन उजवीकडे तोंड करून पळतंय, म्हणजे बघणारा रुळाच्या पश्चिमेला उभा आहे. ऊन त्याच्या पाठीमागून, जरासं उजवीकडून येतं. म्हणून नाक आणि समोरची बाजू उजळ, आणि पत्र्याच्या बाकाखाली गडद सावली. हे एकदा नक्की केलं की पुढे कुठेही अडत नाही.

केबिनच्या खिडकीत माणूस काढायचा असेल तर एक खाचखळगा आहे. ए४ मध्ये ड्रायव्हरची जागा डावीकडे; आपल्याला दिसते ती उजवी, फायरमनची बाजू. ड्रायव्हर जोसेफ डडिंग्टन इथून दिसणार नाहीत, आणि फायरमन थॉमस ब्रे त्या क्षणी खिडकीत रेलून उभे असण्याची शक्यता नाही. खिडकी रिकामी ठेवा.

नऊ रंग, आधी सगळे कालवून

साधे पोस्टर कलर पुरतात, शाळेत इंटरमिजिएटला वापरले तेच. फरक इतकाच की इथे प्रत्येक रंग चित्र सुरू करण्याआधी पूर्ण प्रमाणात कालवून झाकणाच्या बाटलीत भरायचा. अर्ध्या आकाशात रंग संपला आणि पुन्हा कालवला तर तो कधीच जुळत नाही. वाळल्यावर तिथे शिवण दिसते.

आकाशाचा क्रीम: पांढरा १२ भाग, यलो ऑकर १, शेंदरीचा एक ठिपका. दोन थरांना सुमारे ३० मिली लागतो, ४० मिली करून ठेवा. म्हणजे १५ मिलीच्या पांढऱ्याच्या तीन बाटल्या आकाशातच जातात, त्या हिशेबाने आणा.

आकाशाच्या वरच्या पट्ट्याचा फिकट निळा: पांढरा ८, कोबाल्ट १, क्रीममधला थोडा.

पिकायला आलेल्या गव्हाचा पिवळा: यलो ऑकर ३, लेमन यलो १, पांढरा १. जुलैच्या सुरुवातीला लिंकनशायरच्या त्या पट्ट्यात शेतं हिरवी-पिवळी असतात, म्हणून सोबत मळकट हिरवा: सॅप ग्रीन २, ऑकर १, पांढरा १.

गार्टर ब्लू हा इंजिनाचा रंग. अल्ट्रामरीन ५, प्रशियन १, पांढरा अर्धा. हे सुरुवातीचं प्रमाण समजा, कारण दोन कंपन्यांचे अल्ट्रामरीन सारखे नसतात. कागदाच्या कपट्यावर लावून पूर्ण वाळवून बघा. पोस्टर कलरमध्ये गडद रंग वाळल्यावर जरा फिके पडतात आणि फिके रंग जरा गडद होतात. ओला असताना बरोबर दिसणारा निळा वाळल्यावर शाळेच्या गणवेशासारखा निघाला तर प्रशियन अजून अर्धा भाग घाला.

गडद निळा: गार्टर ब्लू ३, काळा १. चाकांचा लाल: क्रिम्सन ३, बर्न्ट सिएना १, काळ्याचं टोक. हा खोल, विटकरीकडे झुकणारा लाल आहे, आगीच्या बंबाचा नव्हे. काळा: बाटलीतला काळा जसाच्या तसा लावला तर चित्रात भोक पडल्यासारखं दिसतं, पाचाला एक बर्न्ट सिएना घाला. शेवटचा करडा, दांड्यांना, खडीला आणि धुराला: पांढरा ४, काळा १, ऑकर अर्धा.

खरी गंमत इथून पुढे आहे. इंजिनावरच्या उजेडाला दहावा रंग कालवायचा नाही. आकाशाचा फिकट निळाच लावायचा. लांबच्या कुंपणझाडीला आणि तारेच्या खांबांना वेगळा रंग नाही, इंजिनाचा गडद निळाच. छापखान्यात दगड वाचवायला हेच करत. त्याने सगळं चित्र एका धाग्यात ओवल्यासारखं दिसतं. टॉम पर्व्हिस यांनी एलएनईआरसाठी केलेली पोस्टरं बघा: बाह्यरेषा नाही, छटा नाहीत, आकाराला आकार भिडतो एवढंच.

बाटल्या आठवड्याहून जास्त राहणार असतील तर प्रत्येकीत लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका. रंगातल्या डिंकावर पावसाळ्यात बुरशी धरते आणि तो वास घरभर होतो.

रंगवण्याचा क्रम

मागून पुढे या. आकाश, शेतं, खडी, मग इंजिनाचा निळा, मग काळा, मग लाल, मग करडा, शेवटी रेघा.

सपाट थराची घट्टाई म्हणजे सायीच्या दुधासारखी. ब्रश बाटलीतून काढला की थेंब लगेच पडू नये, पण हलवला तर पडावा. दीड इंची चपट्या ब्रशने आकाशाचा पहिला थर आडवा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. दुसऱ्या थराला एकदाच हात फिरवा. मागे जाऊन घासलं की खालचा थर विरघळून वर येतो आणि ढगाळ पट्टे पडतात. पोस्टर कलर वाळला तरी पाण्याला पुन्हा सुटतो, हे या माध्यमाचं दुखणं आहे. इंजिनाच्या जागी आकाश भरू नका, पण कडेच्या आत २-३ मिमी जाऊ द्या. म्हणजे निळा वर चढला की मध्ये पांढरी फट राहत नाही.

निळा आधी सगळ्या अंगावर एकसारखा भरा. त्यावर फक्त दोन आकार. पाठीच्या वरच्या कडेने ८ ते १० मिमीचा फिकट निळा पट्टा, नाकाकडे निमुळता होत गेलेला. आणि खाली, पत्र्याच्या बाकाजवळ गडद निळा. दोन्हींच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. इथे ओल्यात ओला मिसळून गोलाई आणायची सवय बाजूला ठेवा. एक जरी छटा मऊ झाली तरी पोस्टरचं जलरंगचित्र होतं.

नाकाचा पुढचा भाग काळा आहे, आणि तो काळा एका डौलदार बाकाने निळ्याला मिळतो. त्या सीमेवर पांढरी आणि लाल अशा बारीक रेघा आहेत. रूलिंग पेन ०.८ मिमीवर लावा, रंग दुधाइतका पातळ करा, पेनमध्ये ब्रशने भरा. बाटलीत बुडवलं तर पात्यांच्या बाहेरून रंग लागतो आणि पट्टीखाली पसरतो. पट्टीला खालून दोन नाणी चिकटवून कड उचललेली ठेवा. रेघ सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी कपट्यावर एक ओढा. रंग पात्यांच्या टोकाशी अर्ध्या मिनिटात वाळतो आणि मग आधी कोरडं खरडतं, पाठोपाठ थेंब पडतो.

चाकांचे आरे काढायचे का? त्या वेगाला ८० इंची चाक सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा फिरतं, आरे दिसणं शक्यच नाही. तरी बरेच पोस्टर-चित्रकार आरे लख्ख काढत, कारण त्याने चाक सजतं. दोन्ही चालतं, पण तिन्ही मोठ्या चाकांना एकच न्याय हवा. आम्ही सुचवू ती पद्धत अशी: चाकाचं तबक लाल, त्यात आसाभोवती काळं वर्तुळ, आणि आऱ्यांच्या जागी कोरड्या ब्रशने काळ्याचे दोन-तीन गोल फराटे. बाहेरची धाव करड्याची, ३ मिमी. दांडे मात्र करड्यात स्वच्छ. चाकं धूसर आणि दांडा स्पष्ट, यानेच वेग दिसतो. इंजिनामागे व्यंगचित्रातल्यासारख्या आडव्या रेघा ओढायची गरज राहत नाही.

धुराबद्दल. पांढरेशुभ्र कापसाचे ढीग हिवाळ्यातल्या फोटोंत दिसतात, कारण थंड हवेत वाफेचे लगेच बारीक थेंब होऊन ती दिसू लागते. उन्हाळ्याच्या दुपारी ती झटकन विरते. शिवाय या वेगात धूर वर चढत नाही, पाठीवरून जवळजवळ आडवा मागे पळतो. करड्याचा एकच लांब आकार काढा: धुराड्यापाशी १५ मिमी जाड, मागे कडेपर्यंत ४० मिमी, खालची कड सरळ, वरची दोन-तीन लाटांची. पाठ आणि धूर यांच्यामध्ये आकाशाची फट राहिली पाहिजे. ग्रेस्लींच्या आखणीत धूर केबिनच्या वरून जाईल याची काळजी घेतलेली होती, आणि चित्रातही पाठीची रेघ त्यानेच वाचते. शिट्टीची वाफ हवी असेल तर ती धुराड्याच्या पुढून निघते, मागून नाही.

केबिनवरचा ४४६८ साधारण १२ मिमी उंच. नावाची पाटी नाकामागे, बॉयलरच्या बाजूवर. इंजिनावरची अक्षरं मूळ रोमन लिपीतच ठेवा. ती त्या वस्तूचा भाग आहेत.

खालची अक्षरं

तळाच्या पट्ट्यावर देवनागरी खुशाल वापरा, पण बोरूच्या वळणाची नको. एलएनईआरने १९२९ पासून गिल सॅन्स हे एकसारख्या जाडीचं अक्षर सगळीकडे लावलं होतं, पाट्यांपासून पोस्टरांपर्यंत. त्याच्या जोडीला जाड-बारीक होणारं देवनागरी परकं दिसतं. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ फॉण्ट ठळक वजनात छापून घ्या आणि त्यावरून गिरवा.

‘मॅलार्ड’ या शब्दाची अडचण डोक्यावर आहे: पहिल्या अक्षरावर अर्धचंद्र, शेवटच्यावर रफार. जागेचा हिशेब शिरोरेषेपासून केला तर हे दोन्ही रुळाच्या खडीत घुसतात. ९५ मिमी असे वाटा: वर १० मोकळे, १६ अर्धचंद्र-रफारासाठी, ३८ शिरोरेषेपासून तळापर्यंत, १० अंतर, ११ दुसऱ्या ओळीला, तळाला १०. दुसरी ओळ ‘३ जुलै १९३८ – ताशी १२६ मैल’. तिच्या मात्रा वरच्या १० मध्ये मावतात. अक्षराची जाडी ७ मिमी. ‘ला’ आणि ‘र्ड’ यांच्यामधली मोकळी जागा डोळ्याने जुळवा; पट्टीने मोजून सारखी केली तर ‘ड’ लांब पळाल्यासारखा दिसतो.

पट्टा गडद निळा, अक्षरं क्रीम. पण गडदावर क्रीम रंगवू नका. आधी पूर्ण पट्टा क्रीम भरा आणि अक्षरांभोवतीचा निळा भरा. क्रीमखाली गडद निळा असला की तो सुटून वर येतो आणि अक्षरं तीन थर दिले तरी मळकी राहतात.

बिघडतं ते असं

रंगाला वाळल्यावर भेगा पडल्या तर थर जाड झाला. ओलसर स्पंजाने तेवढा भाग उचलून पातळ दोन थर द्या. बोट लावलं तर पावडर निघत असेल तर पाणी फार झालं किंवा पांढरा जुना आहे, डिंक कमी पडला. कालवताना अरेबिक गमचे चार-पाच थेंब घाला, जास्त नको, चकाकी येते. मास्किंग टेपखाली रंग पाझरला तर टेपची कड बोटाच्या नखाने दाबली नव्हती. टेप काढताना कागदाचा पापुद्रा निघाला तर ती फार चिकट होती. लावण्याआधी एकदा सुती कापडावर चिकटवून काढा, आणि काढताना स्वतःवर दुमडून सावकाश ओढा.

निळ्यावर पडलेला चुकीचा थेंब पुसू नका. वाळू द्या, ब्लेडच्या टोकाने खरवडा, बाटलीतला तोच निळा टोकदार ब्रशने टिपा. यासाठी प्रत्येक रंगाचा शेवटचा चमचाभर राखून ठेवायचा असतो.

शिलाछपाईचा रवाळपणा हवा असेल तर फक्त आकाशात आणि धुरात. जुन्या टूथब्रशवर करडा अगदी कोरडा घ्या, बाकी सगळं कागदाने झाका, दोन फुटांवरून शिंतडा. इंजिनावर एक कणही नको.

एक दिवस वाळल्यावर फळीवरून सोडवा. टेप समोरासमोरच्या कडांना आलटून पालटून कापा. एका बाजूने सलग कापत गेलात तर ताण एकीकडे जाऊन कागदाला कायमची वळी पडते. वार्निश लावू नका, सगळे फिके रंग गडद होतात आणि सपाटपणा जातो. काच लावायची, पण रंगाला टेकता कामा नये, दमट हवेत चिकटते. मधे माउंट घ्या, खिडकी ६२९ बाय ५०२ मिमी, म्हणजे चारही बाजूंनी ३ मिमी आत दबेल.